‘खराब’ जमिनीतली आमरी

हुमनाबादहून बीदरकडे निघालं की वाटेत जमिनीचा रंग पालटतो. तोवर दोन्ही बाजूंना काळी भुई असते, तूर, सोयाबीन, उडीद. मग रस्ता चढणीला लागतो आणि काळीची तांबडी होते. शेतांच्या बांधावर जांभ्याचे चिरे दिसू लागतात, पिकं विरळ होतात आणि मधूनमधून नुसता माळ उघडा पडतो. समुद्रसपाटीपासून सुमारे सातशे मीटर उंचीचं हे बीदरचं पठार. खाली लाव्हाचा काळा बसाल्ट आणि वर त्याच्याच झिजेतून, लाखो वर्षांच्या उन्हापावसानं तयार झालेली जांभ्याची टोपी. सातारच्या कास पठारावरही जांभाच आहे. फरक पावसाचा. सह्याद्रीच्या माथ्यावर कित्येक हजार मिलिमीटर कोसळतो, बीदरला वर्षाकाठी आठशे-साडेआठशेच्या आसपास.

बहामनी सुलतानांनी हा जांभा कोरून किल्ल्याचे खंदक केले. लोकांना या दगडाचा दुसरा गुण फार पूर्वीपासून ठाऊक होता. जांभा सच्छिद्र असल्यामुळे पावसाचं पाणी त्यातून खाली झिरपतं, बसाल्टला अडतं आणि पठाराच्या कडेला, दोन दगडांच्या सांध्यातून बाहेर येतं. झरणी नरसिंहाचं भुयारातलं पाणी, नानक झिरा, पापनाश ही सगळी या सांध्याची कृपा. नौबादचे कारेझ, म्हणजे जमिनीखालून खणलेले पाण्याचे बोगदे, याच हिशेबानं काढलेले आहेत. वर कोरडा ठणठणीत माळ आणि कड्याखाली बारमाही ओल, असा हा मुलूख. जमिनीतली आमरी ओळखायला निघालेल्या माणसानं आधी हे समजून घ्यावं, फुलाचं पुढे बघता येईल.

आमरी म्हणजे ऑर्किड. हा शब्द ऐकला की डोळ्यांसमोर झाडाच्या फांदीवर लोंबणारी फुलं येतात, नाहीतर लग्नाच्या मांडवात लावलेली थायलंडची जांभळी. भारतीय वनस्पती सर्वेक्षण विभागानं २०१९ साली देशातल्या ऑर्किडांची सचित्र यादी काढली. तिच्यात १,२५६ जाती आहेत, त्यांतल्या ७५७ झाडांवर वाढणाऱ्या आणि ४४७ जमिनीत वाढणाऱ्या. आणखी ४३ जाती हिरव्या पानांच्या भानगडीतच पडत नाहीत, बुरशीच्या जिवावर जगतात. म्हणजे तीनांतली एक आमरी जमिनीतली आहे. ती दिसत नाही, कारण वर्षातले आठ-नऊ महिने ती जमिनीच्या वर नसतेच, आणि उरलेल्या दिवसांतही गवतात गवतासारखी उभी असते.

बीदर-गुलबर्ग्याच्या बाबतीत मात्र न दिसण्याला आणखी एक कारण आहे, आणि ते वनस्पतिशास्त्रातलं नाही. थिओडोर कुक यांनी मुंबई इलाख्याची वनस्पतिसूची १९०१ ते १९०८ या काळात प्रसिद्ध केली. आजही महाराष्ट्रात गवताचं पातं ओळखायचं झालं तर अभ्यासक आधी कुक उघडतो. दक्षिणेकडे गॅम्बल यांनी मद्रास इलाख्याची सूची १९१५ पासून काढायला घेतली. त्यांच्या पश्चात फिशर यांनी ती १९३६ पर्यंत पुरी केली. दोन्ही ग्रंथ थोरच. पण एक मुंबई इलाख्याचा, दुसरा मद्रास इलाख्याचा, आणि मधलं निजामाचं राज्य दोन्हींच्या हद्दीबाहेर. बीदर आणि गुलबर्गा या दोन पुस्तकांच्या फटीत पडले. पुढे १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यपुनर्रचना झाली, मराठवाडा मुंबई राज्यात गेला, बीदर-गुलबर्गा म्हैसूर राज्यात. पुन्हा एक नवी रेघ. व्ही. एन. नाईक यांनी उस्मानाबाद जिल्ह्याची वनस्पतिसूची १९७९ मध्ये आणि मराठवाड्याची १९९८ मध्ये दिली. गुलबर्गा विद्यापीठाकडून गुलबर्गा जिल्ह्याची सूची २००० मध्ये आली. निलंग्याच्या बाजूचा माळ एका पुस्तकात आणि त्याला लागून असलेला भालकीचा दुसऱ्या राज्याच्या कागदात. आमरीला ही रेघ कळत नाही. अभ्यासकाला मात्र ती ओलांडायला दोन भाषा आणि दोन वनखाती लागतात.

आता प्रत्यक्ष झाडाकडे येऊ. दख्खनच्या माळावर आणि झुडपी रानात ज्या जमिनीतल्या आमरी भेटतात त्यांतला सर्वांत मोठा गट हॅबेनारियाचा. त्यांतली हॅबेनारिया प्लँटाजिनिया ही जात नमुन्याला घ्यावी, कारण कोरड्या दख्खनी रानाची तिला सवय आहे आणि तिच्यात ओळखीच्या सगळ्या खुणा स्वच्छ दिसतात. पाच-सहा लांबट-गोल पानं जमिनीला अगदी चिकटून पसरलेली, चक्राकार. बोट घातलं तर पान आणि माती यांच्यात जागा सापडणार नाही. त्या चक्राच्या मधून एक सडपातळ दांडा वर येतो, त्यावर पानं नाहीत, नुसती बारीक खवल्यांसारखी पत्रं. दांड्याच्या शेंड्याला पांढरी फुलं, एकेक, खेटून न बसलेली.

एक फूल जवळून बघा. तोडायचं नाही, गुडघे टेकून, हवं तर भिंग घेऊन. सहा पाकळ्या मोजता येतात, पण त्या सारख्या नसतात. वरचं मधलं निदल आणि दोन पाकळ्या मिळून फुलाच्या डोक्यावर टोपडं करतात. बाजूची दोन निदलं आडवी पसरतात. सहावी पाकळी खाली लोंबते, तिला ओठ म्हणू. हा ओठ तीन भागांत विभागलेला आहे, मधला अरुंद पट्टीसारखा आणि दोन बाजूचे रुंद, पंख्यासारखे उघडलेले, बाहेरच्या कडेला दातेरी. ओठाच्या मुळाशी छिद्र आहे, तिथून मागे एक बारीक लांब नळी लोंबते. मध तिच्या तळाशी असतो. फुलाला उजेडासमोर धरण्यासारखा कोन साधला तर नळीतली मधाची पातळीसुद्धा दिसते. फुलाला देठ म्हणून जे दिसतं तो खरं तर बीजकोश आहे, आणि त्यावरच्या कंगोऱ्यांवर नजर फिरवली तर ते पिळलेले दिसतात. कळी असताना ओठ वरच्या बाजूला असतो. उमलताना सगळं फूल स्वतःभोवती अर्धं वळतं आणि ओठ खाली येतो, येणाऱ्या कीटकाला बसायला. हा पीळ दिसला की आमरी असल्याची निम्मी खात्री झाली.

उरलेली निम्मी फुलाच्या मधोमध आहे. इतर फुलांत पुंकेसर वेगळे, स्त्रीकेसर वेगळा. आमरीत दोन्ही एकत्र येऊन एकच आखूड स्तंभ होतो. पराग धुळीसारखे मोकळे नसतात, त्यांचे दोन गठ्ठे असतात, प्रत्येकाच्या टोकाला चिकट चकती. रात्री फिरणारा पतंग नळीत सोंड घालतो तेव्हा ही चकती त्याच्या डोक्याला चिकटते आणि तो गठ्ठा घेऊन पुढच्या फुलावर जातो. चार्ल्स डार्विन यांनी १८६२ साली ऑर्किडांच्या परागीभवनावर स्वतंत्र पुस्तक लिहिलं. फुलात पेन्सिलीचं टोक घालून परागगठ्ठा कसा चिकटून येतो हे त्यांनी स्वतः करून पाहिलं होतं. पांढरा रंग, संध्याकाळनंतरचा वास, लांब नळी ही सगळी रात्रीच्या पाहुण्यासाठीची व्यवस्था. म्हणून नळीची लांबी हीसुद्धा ओळखीची खूण होते. प्लँटाजिनियाची नळी बीजकोशापेक्षा लांब, पण बेताची. तिच्याच तोंडवळ्याच्या लाँगिकॉर्निक्युलाटाची दहा सेंटिमीटरच्याही पुढे जाते. फोटो समोरून काढला आणि नळी मागे लपली, तर तज्ज्ञालाही हात टेकावे लागतात.

चकवे पुष्कळ आहेत. त्याच माळावर, त्याच पावसात फोडशी म्हणजे कुलईची पांढरी फुलं येतात. लांबून आमरी वाटतात. तिच्या सहाही पाकळ्या सारख्या, मधोमध सहा सुटे पुंकेसर. काळी मुसळी त्याहून अधिक फसवते. तिचं पान घड्या पडलेलं, शिंदीच्या रोपासारखं, आणि युलोफिया नावाच्या आमरीचं कोवळं पानही असंच. मुसळीच्या पानावर लव असते आणि तिचं पिवळं चांदणीसारखं फूल जमिनीलगत उमलतं. युलोफियाचा दांडा पानापासून वेगळा, उंच आणि पुष्कळ फुलांचा. रानहळद, रानकांदा, भुईचक्र हे सगळे कंदवाले शेजारी आहेत, आणि ते दिसले म्हणून निराश व्हायचं कारण नाही. जिथे कंदवाल्या वनस्पतींची अशी गर्दी आहे तिथली माती नांगरलेली नाही, हे त्यावरून कळतं.

वेळापत्रक नक्षत्रांवर लावलं तर लक्षात ठेवायला सोपं जातं. नाहीतरी इकडची पेरणी अजून त्यावरच बोलली जाते. रोहिणीचा वळीव पडला, माळ अजून पिवळाच आहे, अशा वेळी युलोफियाचा दांडा पानांच्या आधी वर येतो. हिलाच अमरकंद म्हणतात. पहिल्या पावसाच्या याच सुमारास रानाच्या सावलीत नर्व्हिलिया उगवते, आणि तिची तऱ्हा न्यारी. आधी नुसतं फूल येतं, पान नाहीच. फूल सुकून गेलं की मग त्याच कंदातून एकच पान निघतं, गोल, हृदयाच्या आकाराचं, आणि पावसाळाभर जमिनीवर पडून राहतं. फूल पाहणाऱ्याला पान भेटत नाही आणि पान पाहणाऱ्याला फूल. दोन्ही एकाच झाडाची आहेत हे ठरवायला जागेवर खूण करून पुन्हा यावं लागतं. मृगात-आर्द्रात हॅबेनारिया ग्रँडिफ्लोरिफॉर्मिस, जमिनीला चिकटलेलं एखाददुसरं गोल पान आणि दोन-तीन पांढरी फुलं. आश्लेषा-मघांच्या सुमारास हॅबेनारियाच्या पुष्कळ जाती एकदम येतात. जमिनीवर रुंद पानं टाकून वर गच्च पांढरा तुरा काढणारी रॉक्सबर्गी, जिच्या ओठाचे तिन्ही भाग अरुंद असतात. एकाच बाजूला ओळीनं फुलं लावणारी हायनियाना, जिला सगळे टूथब्रश ऑर्किड म्हणतात, आणि एकदा बघितल्यावर दुसरं नाव सुचतही नाही. पानाला फिकट काठ असलेली, पिवळ्या फुलांची मार्जिनाटा पूर्वा-उत्तरेपर्यंत टिकते. हस्ताचा पाऊस संपता संपता बोंडं फुटतात आणि दिवाळीपर्यंत वर काही उरत नाही.

यांतली कोणती जात बीदरच्या कुठल्या माळावर आहे याचा नकाशा इथे देत नाही. तसा देऊही नये, त्याचं कारण पुढे येईल. कुठे बघावं हे मात्र सांगता येतं. जांभ्याच्या उघड्या पाठीवर जिथे दगड आणि गवत यांची सीमा आहे, तिथे मातीचा थर वीतभरही नसतो. पावसात तिथे पाणी साचतं, चार दिवस उघडीप दिली की वाळतं. असली चढउताराची जागा बाकी झाडांना परवडत नाही. ज्याच्याजवळ जमिनीखाली स्वतःचा साठा आहे, त्यालाच परवडते. दुसरी जागा पठाराची कड, जिथून झरे निघतात. तिथली ओल पावसानंतरही काही आठवडे टिकते आणि करवंदाच्या जाळीखाली, दगडाच्या उत्तरेच्या बाजूला सावली मिळते. तिसरी, गुलबर्गा जिल्ह्यातलं चिंचोलीचं रान. कोंचावरमच्या बाजूचं हे पानगळीचं जंगल २०११ मध्ये अभयारण्य झालं, क्षेत्र १३४.८८ चौरस किलोमीटर. दक्षिण भारतातलं कोरड्या प्रदेशातलं पहिलं अभयारण्य म्हणून त्याचं नाव घेतात. साग-धावड्याखालचा पालापाचोळा, चंद्रमपल्लीच्या धरणाकडे उतरणारे ओहोळ, ही नर्व्हिलियासारख्यांच्या सवयीची जागा.

गावात चौकशी करताना फुलाचं विचारू नये. “मामा, असलं पांढरं फूल बघितलंत का?” म्हटलं तर गुराखी हसून होय म्हणेल, माळावर पांढरी फुलं शेकड्यांनी असतात. पानाचं विचारावं, भुईला चिकटून राहणारं, जनावर ज्याला तोंड लावत नाही किंवा लावूच शकत नाही असं. आणि कंदाचं विचारावं. कंद खणणाऱ्या माणसाला झाडाच्या जमिनीखालच्या अंगाची जी माहिती असते ती वनस्पतिशास्त्राच्या पुस्तकात उशिरा येते.

त्या जमिनीखालच्या अंगातच या झाडाच्या धोक्याचं मूळ आहे. हॅबेनारिया उपटली तर खाली दोन कंद दिसतात, एक सुरकुतलेला आणि एक टणक. सुरकुतलेला मागच्या वर्षीचा, त्याच्या जिवावर यंदाचं पान आणि फूल आलं. टणक आहे तो पुढच्या वर्षाचा. फूल आलेलं असताना झाड उपटलं की दोन वर्षं एकदम गेली. युलोफियाचे कंद साखळीनं वाढतात, दरवर्षी एक मणी. खणणारा साखळी दिसते तोवर ओढत जातो. सालब मिश्री किंवा सालममिश्री या नावानं युनानी आणि आयुर्वेदिक दुकानांत जो शक्तिवर्धक कंद मिळतो, तो मूळचा इराण-तुर्कस्तानकडच्या ऑर्किडांचा. इथे त्याच्या जागी युलोफियाचे कंद चालवले जातात. हैदराबाद संस्थानात हकिमी औषधांची परंपरा मोठी होती आणि मागणी अजून संपलेली नाही.

खणून नेलं तर बियांतून पुन्हा उगवणार नाही का? उगवतं, पण कसं ते बघण्यासारखं आहे. आमरीच्या एका बोंडात हजारोंनी बिया असतात, धुळीच्या कणाएवढ्या. इतक्या बारीक, कारण त्यांत गर्भाबरोबर शिदोरी ठेवलेलीच नसते. हरभऱ्याला दोन डाळिंब्यांचं अन्न असतं, आमरीच्या बीला काही नाही. नोएल बर्नार या फ्रेंच तरुणाला १८९९ मध्ये, सैन्यातली नोकरी करता करता, जंगलात एका जमिनीतल्या ऑर्किडची उगवलेली बी सापडली आणि प्रत्येक रोपट्यात बुरशी शिरलेली दिसली. त्यातून कळलं की मातीतली ठरावीक बुरशी बीच्या आत शिरते, कुजक्या पाल्यातली साखर तिथे आणून सोडते आणि बी वाढते. पहिलं हिरवं पान दिसेपर्यंत रोप जमिनीखाली पूर्णपणे बुरशीच्या अन्नावर असतं, कधी कधी कित्येक वर्षं. लुइस नडसन यांनी १९२२ मध्ये अमेरिकेत दाखवलं की बाटलीत साखर आणि क्षार दिले तर बुरशीशिवायही बी उगवते. आज बाजारात दिसणारी बहुतेक ऑर्किडं या बाटलीतून आलेली. पण बाटलीतलं रोप माळावर लावलं आणि तिथे ती बुरशी नसली, तर ते टिकण्याची खात्री कोणी देत नाही. कुंडीत लावायला म्हणून माळावरून झाड उचलणाऱ्यांना हे सांगावं लागतं, दरवर्षी. तुम्ही झाड आणता, त्याची भागीदार मागे राहते.

एक वर्ष फूल दिसलं नाही म्हणजे झाड गेलं असंही नाही. मोठं झालेलं झाडसुद्धा एखादं वर्ष वर येत नाही, कंदातच थांबतं. त्यामुळे दोन पावसाळ्यांत पाहणी करून ‘इथे काही नाही’ असा शेरा मारणं सोपं असतं आणि चुकीचं ठरण्याची शक्यता मोठी.

दोन उदाहरणं या बाबतीत बोलकी आहेत. पाचगणी हे गिरिस्थान एकोणिसाव्या शतकात वसलं. टेबललँडवर शंभर वर्षं साहेब, शाळकरी मुलं आणि घोडे फिरले. तिथली हॅबेनारियाची एक जात विज्ञानाला माहीत झाली ती १९५७ साली, फादर सांतापाव आणि कापडिया यांनी तिचं वर्णन केलं तेव्हा. नाव ठेवलं हॅबेनारिया पंचगणिएन्सिस. हिरवटसर फुलं, गवतात मिसळून जाणारी. सांतापाव स्पेनहून आलेले जेझुइट, मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयात शिकवत. पुढे ते भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचे प्रमुख झाले आणि १९६६ मध्ये या दोघांचं मुंबईच्या ऑर्किडांवरचं पुस्तक आलं. ती आमरी तिथे अगोदरही होतीच. माणसं उभ्यानं चालत होती एवढंच.

दुसरं उदाहरण तराईतलं. उत्तर प्रदेशातल्या दुधवा व्याघ्रप्रकल्पात जून २०२० मध्ये गवताळ प्रदेशाची पाहणी चालू होती. ऑर्किड शोधायला कोणी गेलेलं नव्हतं. गवतात युलोफिया ऑब्ट्यूसा सापडली. भारतात ती आधी नोंदली गेली होती १९०२ साली, पिलिभीतला. एकशे अठरा वर्षं नोंद नाही, आणि मिळाली ती गवत मोजणाऱ्यांना. मला यातली महत्त्वाची गोष्ट वाटते ती हीच, की पाहणी गवताची होती. झाडांची गणती, वाघांची गणती आपण करतो. गवताळ माळ मोजायची सवय आपल्याला नाही, कारण तिथे मोजण्यासारखं काही आहे असं कोणाला वाटत नाही.

बीदरच्या माळाचं सरकारी नाव काय आहे ते पहाणीत, म्हणजे जमिनीच्या उताऱ्यात, बघावं. गोमाळ, गायरान, नाहीतर सरळ ‘खराब’. त्यातही अ-खराब आणि ब-खराब असे पोटभेद. पीक येत नाही ती जमीन खराब, हा महसुलाचा साधा न्याय, आणि सारा वसूल करणाऱ्याच्या बाजूनं तो बरोबरही होता. घोटाळा पुढे झाला. खराब जमिनीचं काही तरी बरं करावं असं सगळ्यांनाच वाटू लागलं. वनखात्याला तिथे झाडं लावायची असतात, ग्लिरिसिडियासारखी. पंचायतीला मुरूम हवा असतो. चिरे काढणाऱ्याला जांभा हवा असतो आणि तो वरचा वीतभर मातीचा थर आधी खरवडून बाजूला टाकतो. आमरी त्याच वीतभरात असते. शेजारच्या शेतकऱ्याला दोन एकर वाढवून घ्यायची असतात, ट्रॅक्टरचा एक फाळ पुरतो. यातला कोणी आमरीचा शत्रू नाही. वृक्षारोपणाबद्दल तर बोलायची चोरी, झाड लावण्याला विरोध करणारा माणूस कसला निसर्गप्रेमी? पण उघड्या माळावर खड्डे मारून दाट झाडी उभी केली की ऊन अडतं, गवत बदलतं, मातीतल्या बुरशीचा संसार बदलतो. हा तोटा कुठल्याही अहवालात दिसत नाही, कारण आधी काय होतं ते लिहिलेलंच नसतं.

चराईबद्दल मात्र मी सरसकट बोलणार नाही. गुरं फुलाचा दांडा खातात, तुडवतात हे खरं. तीच गुरं उंच गवत खाऊन जमिनीला चिकटलेल्या पानापर्यंत ऊन पोहोचवतात हेही खरं. कासला कुंपण असावं की नसावं हा वाद वर्षानुवर्षं चालला तो या दुहेरीपणामुळेच. बीदरच्या माळावर किती गुरं आणि कोणत्या महिन्यात, याचा हिशेब तिथल्या धनगरांना आणि तांड्यावरच्या लोकांना बसवून घालावा लागेल.

कायद्याचा आधार आहे, पण लांबून आहे. साइट्स करारात सगळं ऑर्किडकुल परिशिष्टांत आहे. भारत १९७६ पासून त्यात आहे. तो करार देशाबाहेरच्या व्यापारापुरता. वन्यजीव संरक्षण कायद्यात १९९१ च्या दुरुस्तीनं वनस्पतींची पहिली यादी आली. सहा नोंदींत तीन ऑर्किडांच्या होत्या, निळी वांडा, तांबडी वांडा आणि लेडीज स्लिपर. दख्खनच्या माळावरची एकही नव्हती. जगातल्या बहुतेक ऑर्किडांचं धोका-मूल्यांकनच झालेलं नाही, त्यामुळे ‘संकटग्रस्त’ हा शिक्का नसणं म्हणजे संकट नसणं, असं समजणं धोक्याचं.

तुम्हाला आमरी दिसलीच तर एवढं करावं. फुलाचा फोटो समोरून, मग बाजूनं, नळी पूर्ण दिसेल असा. पानांचा वरून, शेजारी काडेपेटी ठेवून, म्हणजे माप कळतं. झाड उभं कुठे आहे याचा एक, ज्यात दगड, गवत आणि शेजारपाजार दिसेल. तारीख लिहावी. जागा मात्र चारचौघांत सांगू नये. फोटोबरोबर मोबाइल जागेचे आकडेही आपोआप जोडतो आणि समूहावर टाकलेला फोटो कंद खणणाऱ्यालाही मिळतो. इंडिया बायोडायव्हर्सिटी पोर्टलवर नोंद करता येते. ओळख पटवायला गुलबर्गा विद्यापीठाचा वनस्पतिशास्त्र विभाग आहे, पुण्यात वनस्पती सर्वेक्षणाचं पश्चिम विभागीय केंद्र आहे, मुंबईत सेंट झेवियर्सचं ब्लॅटर हर्बेरियम. दांडा तोडून, कंद खणून नमुना नेण्याचा मोह आवरावा. चांगले चार फोटो बहुतेक वेळा पुरतात.

आणि एक कागद गावातच आहे. २००२ च्या जैवविविधता कायद्यानुसार प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती हवी आणि तिनं लोक जैवविविधता नोंदवही करायची. पुष्कळ ठिकाणी ही वही एकदा भरून कपाटात जाते. औराद, भालकी, बसवकल्याणच्या पट्ट्यात ती भरायची म्हणजे कन्नडात लिहायचं, आणि माहिती देणारी म्हातारी मराठीत बोलणार, तांड्यावरची लमाणीत, झहीराबादच्या बाजूची तेलुगूत, गावातला हकीम दखनीत. कंदाला चौघांची चार नावं. चारही लिहावीत, पुढे शास्त्रीय नाव कळलं तर ते. नाही कळलं तर रकाना मोकळा ठेवावा. त्याच्या शेजारी फूल कोणत्या नक्षत्रात येतं आणि कोणत्या सर्व्हे नंबरच्या माळावर येतं हे लिहून ठेवावं. त्या सर्व्हे नंबरवर पुढच्या वर्षी मुरमाचा ठराव आला, तर ग्रामसभेत दाखवायला तेवढं पान हाताशी राहील.